पाठीवरची ऊब

नवजात बाळ कुडकुडत नाही. मोठ्या माणसाला हीव भरलं की दात वाजतात, अंग थरथरतं, आणि त्या थरथरण्यातूनच शरीर ऊब तयार करतं. बाळाला ते जमत नाही, त्याचे स्नायू अजून त्या कामाचे झालेले नसतात. त्यात वजनाच्या मानाने त्याच्या अंगाची कातडी जास्त, म्हणजे ऊब निसटून जायला वाट मोठी. असं हे ओलं, अडीच-पावणेतीन किलोचं लेकरू आईच्या पोटातून थेट पूस महिन्यातल्या एखाद्या टिनाच्या खोलीत येतं आणि बहुतेक वेळा तगतं.

ते तगतं त्याच्या चरबीवर. दोन खवाट्यांच्या मध्ये, मानेच्या बुडाशी, मूत्रपिंडांभोवती त्याच्याकडे एक वेगळीच चरबी असते. तिचा रंग तपकिरी. आपल्या पोटावर, मांड्यांवर साठते ती पांढरी किंवा पिवळसर चरबी ऊर्जा साठवते, तर ही ऊर्जा जाळते आणि त्यातून फक्त उष्णता काढते. मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. पुस्तकात हा विषय दोन-चार ओळींत आटोपतो. मला मात्र गेली काही वर्षं तो सोडवत नाही, कारण आमच्या घरातल्या दोन माणसांशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. एक माझी वहिनी, दुसरा दादा.

वहिनी गावात आशा स्वयंसेविका आहेत. बाळंतपण झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी जाऊन बाळ पाहतात. मागच्या हिवाळ्यात माझी चुलत पुतणी माहेरी बाळंत झाली होती, तेव्हा वहिनींची पिशवी आणि वजनकाटा घेऊन मीही गेलो. खोलीत बाजेखाली निखाऱ्यांची घमेली, खिडकीला लुगड्याचा पडदा. वहिनींनी साबणाने हात धुतले, पुसले, एकमेकांवर घासून गरम केले. मग दुपट्याच्या आत हात घालून हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला लावली, जराशी थांबवली आणि तीच बाजू तळपायाला लावली.

"पोट गरम हाय, पाय गार. लेकराले हीव लागून राह्यलं."

काकू म्हणाल्या, "पोट तं गरम हाय ना बाई, मंग कायचं हीव?"

"काकूजी, ते पोट गरम ठेवासाठीच लेकरू आपलं दूध जाळून राह्यलं. अंगाले कसं लागन मंग?"

थर्मामीटर ३६.२ अंश सेल्सियस दाखवत होता. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ असावं लागतं. पोट आणि पाय दोन्ही गरम असले तर बाळ बरं आहे. पोट गरम आणि पाय गार असतील तर बाळ थंडीशी झुंजतं आहे. दोन्ही गार पडले तर ते हरत चाललं आहे, तिथे वेळ घालवायचा नसतो. वहिनींनी ओलसर टोपी काढली, कोरडी घातली, पुतणीला ब्लाउजची बटणं काढायला लावून बाळाला उघड्या अंगाने तिच्या छातीशी धरलं आणि वरून दोघांना गोधडीत गुंडाळलं. तासाभरात पाय गरम झाले, बाळ दुधाला लागलं.

त्या चार वाक्यांत वहिनींनी जे सांगितलं ते मी वर्गात पाऊण तास शिकवतो. थंडी कातडीला जाणवली की मेंदू चेतातंतूंमार्फत त्या तपकिरी चरबीला निरोप धाडतो. निरोप्याचं नाव नॉरएड्रेनलिन. चरबीच्या पेशीतले बारीक बारीक तेलाचे थेंब फुटतात, स्निग्धाम्लं मोकळी होतात आणि मायटोकाँड्रियात, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिकांत, जाळायला जातात. इतर पेशींत या जळण्यातून एटीपी नावाचं ऊर्जेचं चलन तयार होतं. धरणात पाणी अडवायचं, ते चाकावरून सोडायचं आणि वीज घ्यायची, तसा तो कारखाना आहे. तपकिरी चरबीत मात्र यूसीपी-१ नावाचं एक प्रथिन असतं, ते चाकाला वळसा घालून धरणाच्या भिंतीत वेगळंच दार उघडतं. पाणी धो धो वाहतं, वीज होत नाही, सगळी ताकद उष्णता बनून बाहेर पडते. ती उष्णता शेजारच्या रक्तवाहिन्या उचलतात आणि अंगभर नेतात. तिला तपकिरी रंग येतो तोही या तंतुकणिकांमुळेच. त्या इथे खच्चून भरलेल्या असतात आणि त्यांच्यात लोह असतं.

पण जळायला सरपण लागतं. बाळ थंडीशी झुंजत राहिलं की त्याची साखर आणि प्राणवायू दोन्ही त्यात खर्ची पडतात. रक्तातली साखर घसरते, बाळ मलूल होतं, दूध ओढत नाही आणि दूध नाही म्हणून आणखी गार पडतं. ही चरबी मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत साठते. त्यामुळे दिवस भरण्याआधी जन्मलेल्या लेकराकडे ती फार थोडी असते. सातव्या महिन्यातलं बाळ इतकं जपावं लागतं त्याचं हे एक मोठं कारण. जन्मल्या जन्मल्या आंघोळ घालू नका, निदान चोवीस तास थांबा, असं जे सांगतात तेही याचसाठी. आंघोळीनंतर ओल्या अंगाने बाळाची शिदोरी भराभर खर्ची पडते.

या गोष्टीत विदर्भाचा मोठा वाटा आहे आणि तो मी अभिमानाने सांगतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला ऊब देणं, अंगावर पाजणं, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं, असं सगळं त्यात होतं. उबेसाठी एक झोपायची पिशवीही होती. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले, तेव्हा तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आलेलं होतं. हे सगळं श्रेय उबेचं नाही, पण उबेशिवाय ते झालंही नसतं. २०११ पासून हीच पद्धत देशभरातल्या आशांच्या कामात आली. वहिनींच्या पिशवीतला थर्मामीटर आणि ऊबदार पिशवी गडचिरोलीहून आलेली आहे, असं मी समजतो.

तपकिरी चरबीची नोंद मात्र फार जुनी. १५५१ साली झुरिकच्या कॉनराड गेस्नरने मार्मोट या प्राण्याच्या खांद्यांमध्ये ती पाहिली आणि लिहिलं की हे धड चरबीही नाही आणि धड मांसही नाही. मार्मोट बिळात हिवाळाभर झोपतो. आपल्याकडे लडाखात तो दिसतो. जागं होताना गारठलेलं अंग तापवायला त्याला हीच चरबी लागते. पुढे बराच काळ असंच मानलं गेलं की ही हिवाळी झोप घेणाऱ्या प्राण्यांची आणि तान्ह्या लेकरांची चीज आहे. माणूस मोठा झाला की ती विरून जाते. फिनलंडमध्ये १९८१ साली उघड्यावर थंडीत काम करणाऱ्या मजुरांच्या मानेतल्या रक्तवाहिन्यांभोवती ती मृत्यूनंतर सापडली होती, पण तिकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही.

कॅन्सरच्या तपासणीमुळे हा समज मोडला. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर टोचतात. जिथे पेशी साखर जास्त ओढतात तिथे चित्र उजळतं. काही रुग्णांच्या मानेत आणि गळपट्टीच्या हाडांच्या वर दोन्ही बाजूंना सारखाच उजेड दिसायचा. ती गाठ नसायची. खोली गार असली की हा उजेड वाढायचा, रुग्णाला पांघरूण दिलं की मावळायचा. एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या एकाच अंकात अमेरिकेतलं बोस्टन, नेदरलँड्समधलं मास्ट्रिख्ट आणि फिनलंडमधलं टुर्कू इथल्या तीन गटांनी पुराव्यासह सांगितलं की मोठ्या माणसांतही तपकिरी चरबी आहे आणि ती काम करते. बोस्टनच्या गटाने सुमारे दोन हजार रुग्णांचे स्कॅन पाहिले, ७.५ टक्के बायकांत आणि ३.१ टक्के पुरुषांत ती दिसली. मास्ट्रिख्टमध्ये २४ तरुणांना १६ अंशांच्या खोलीत बसवलं, तेव्हा २४ पैकी २३ जणांत दिसली. दोन्ही आकडे खरे आहेत. ती बहुतेकांकडे असते, पण हाक मारल्याशिवाय उठत नाही. आणखी एक गोष्ट दोन्हीकडे आढळली. अंगाने जाड माणसांत ती मंद होती.

इथून पुढे जगभर आशा पालवली. चरबी जाळणारी चरबी! लठ्ठपणावर याहून सरळ उपाय तो कोणता? जपानमध्ये तरुणांना सहा आठवडे रोज दोन तास १७ अंशांत बसवलं, तर त्यांची तपकिरी चरबी जागी झाली आणि अंगावरची चरबी साधारण पाच टक्क्यांनी उतरली. नेदरलँड्समध्ये मधुमेहाच्या आठ रुग्णांना दहा दिवस रोज काही तास १४-१५ अंशांत ठेवलं, तर इन्सुलिनला त्यांचं शरीर ४३ टक्के जास्त दाद देऊ लागलं. त्यातला बराचसा वाटा स्नायूंचा होता, हेही त्या संशोधकांनीच सांगितलं. पांढऱ्या चरबीतही काही पेशी थंडीने तपकिरी वळणावर जातात, त्यांना बेज चरबी म्हणतात.

मग हिशेब मांडला गेला. मोठ्या माणसाची तपकिरी चरबी थेट मोजली तेव्हा तिचा स्वतःचा खर्च दिवसाला दहा-पंचवीस कॅलरींच्या घरात निघाला. आपल्या एका कपातल्या दोन चमचे साखरेत चाळीसेक कॅलरी असतात. म्हणजे या चरबीच्या जोरावर वाळणं होणार नाही. माझं मत असं की वजनकाट्यावर तिची किंमत करणं हीच चुकीची जागा आहे. २०२१ साली ५२ हजारांहून अधिक रुग्णांचे स्कॅन तपासणारा एक अभ्यास आला. ज्यांच्यात तपकिरी चरबी दिसली त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण ४.६ टक्के होतं, इतरांत ९.५ टक्के. हृदयविकार आणि रक्तदाबही कमी. विशेष म्हणजे हा फरक जाड माणसांत अधिक ठळक होता. हे रुग्ण कॅन्सरच्या दवाखान्यातले होते आणि एकामुळे दुसरं घडतं असं यातून सिद्ध होत नाही. तरी दिशा कळते. ही चरबी रक्तातली साखर आणि स्निग्धांश उचलते. तिचं काम माणूस बारीक करण्याचं कमी आणि रक्त स्वच्छ ठेवण्याचं जास्त असावं.

आता आमच्याकडची गोष्ट. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान होतं. त्याच नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश. आमच्या मातीने दोन्ही टोकं पाहिली आहेत. पण वर्षाचा हिशेब केला तर गारठ्याचे आठवडे थोडे, उरलेला सगळा काळ अंगाला ऊब करायची गरज नसलेला. उघड्या अंगाच्या माणसाला २८ अंशांच्या आसपास ना ऊब करावी लागते ना घाम गाळावा लागतो, आणि आमच्याकडे पारा बहुतेक वेळ त्याच्या आगेमागेच असतो. उंदरांवर स्टॉकहोममध्ये केलेला एक प्रयोग इथे फार बोलका आहे. यूसीपी-१ नसलेले उंदीर नेहमीच्या गार प्रयोगशाळेत जाड होत नव्हते, म्हणून सगळे कोड्यात पडले होते. २००९ साली तेच उंदीर सुमारे ३० अंशांच्या उबेत ठेवले आणि ते जाड झाले. हवामान बाजूला ठेवून ही चरबी समजतच नाही.

आणि फक्त हवामानही पुरत नाही. नेदरलँड्समध्ये लायडनच्या संशोधकांनी २०१४ साली तिथेच राहणाऱ्या दक्षिण आशियाई वंशाच्या आणि गोऱ्या तरुणांची तुलना केली. दोन्हीकडे सडपातळ, निरोगी बारा-बारा जण. आपल्या वंशाच्या मुलांत तपकिरी चरबी ३४ टक्क्यांनी कमी भरली आणि स्वस्थ बसल्या जागीचा ऊर्जेचा खर्च ३२ टक्क्यांनी कमी. अभ्यास लहान आहे, पण वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ अंगणात बसून होतो. कारण पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आधीच दाखवलं होतं की पुण्याजवळच्या सहा खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, तरी आपल्या बाळांत मांस कमी आणि चरबी मात्र त्या मानाने शाबूत. बारीक दिसतात पण आतून चरबीची असतात. २००४ साली याज्ञिकांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो 'लॅन्सेट'मध्ये दिला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, अगदी एकसारखा. अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

माझ्या दादाला पाहून कोणी म्हणणार नाही की या माणसाला साखरेचा आजार असेल. किडकिडीत अंग, नसा उठलेले हात, डोक्याला उपरणं, वावरात माझ्या दुप्पट चालतो. गावात आरोग्य शिबिर झालं तेव्हा तपासणारा मुलगा जाड दिसणाऱ्यांना रांगेतून पुढे बोलावत होता आणि दादाला म्हणाला, "तुमचं काय तपासायचं काका, तुम्ही तर फिट आहात." वहिनींनी ऐकलं नाही. त्यांनी पिशवीतून टेप काढून त्याची कंबर बेंबीपाशी मोजली. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि बायकांसाठी ८० ही धोक्याची रेघ आहे. दादाची भरली ९३. हातपाय काड्यांसारखे आणि पोट सदऱ्याआड. उपाशीपोटीची साखर वाढलेली निघाली.

दादाचं काम आधी होतं तितकं राहिलेलं नाही. डवरणीच्या जागी तणनाशक आलं, बैलजोडी गेली, तूर यंत्राने निघते, वावरात जायला मोटारसायकल आहे. मात्र चहा दिवसातून पाच वेळा, प्रत्येक कपात साखर मुक्त हस्ताने, आणि धुऱ्यावर बसून भूक मारायला बिस्किटाचा पुडा. ज्वारीची भाकर आठवड्यातून एखाददोनदा, एरवी पोळी आणि भात. गावात लठ्ठपणा आला तो या वाटेने आला. ही चूक शेतकऱ्याची आहे असं मला अजिबात वाटत नाही. ज्वारी परवडेनाशी झाली म्हणून त्याने पेरा बदलला आणि पेऱ्यामागे ताट बदललं.

हे सगळं मी सांगतो तेव्हा कोणीतरी विचारतंच, मग सर, थंड पाण्याने आंघोळ करावी का? भिवापुरी मिरचीचा ठेचा खावा का? मिरचीतल्या द्रव्याने ही चरबी थोडी चाळवते हे खरं आहे, पण त्यासोबत चार भाकरी जास्त जातात. थंड पाण्याबद्दल मी स्पष्ट सांगतो: तरुण निरोगी माणसाने हौसेने करावं, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्या माणसाने करू नये. एकदम गार पाणी अंगावर आलं की रक्तवाहिन्या आकसतात, दाब चढतो. मूत्राशयाच्या त्रासावरचं मिराबेग्रॉन हे औषध जास्त मात्रेत दिलं की तपकिरी चरबी पेटते, पण नाडी आणि दाबही चढतो. आणि १९३० च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफेनॉल हे औषध वाळण्यासाठी सर्रास विकलं गेलं. ते यूसीपी-१ सारखंच दार उघडतं, पण साऱ्या अंगातल्या पेशींत, आणि ते बंद करायची सोय नाही. माणसं आतून तापून मेली, कित्येकांना मोतीबिंदू झाले. १९३८ च्या तिथल्या अन्न-औषध कायद्यानंतर ते बंद पडलं. तरी आजही ते चोरून विकलं जातं. कोणी 'फॅट बर्नर' म्हणून पिवळी पावडर दिली तर घेऊ नका, हात जोडून सांगतो.

आणि एक बोलायचंच आहे. रब्बीच्या दिवसांत आमच्याकडे थ्री फेज लाईन बरेचदा रात्री येते. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला दादा रात्री बारा-एकला उठतो. डोक्याला बॅटरी, पायात गमबूट कधी असतात कधी नसतात, पारा आठ-दहावर, आणि घोटाभर गार पाण्यात फावड्याने बारे फोडत पहाटेपर्यंत उभं राहायचं. त्या वेळी त्याच्या मानेतली, गळपट्टीवरची तपकिरी चरबी जागी असणार, साखर ओढत असणार. जपानच्या प्रयोगातल्या दोन तासांपेक्षा तो जास्तच थंडीत असतो. पण प्रयोगातला तरुण नंतर उबदार घरी जाऊन झोपला. दादाची झोप मोडलेली, आणि अपुऱ्या झोपेने इन्सुलिनचा जोर आणखी कमी होतो. अंधारात पायाखाली साप आहे, ओल्या हाताने स्टार्टर दाबायचा आहे. उद्या कोणी थंडीचे फायदे सांगताना या ओलिताचं उदाहरण देऊ नये. शेतकऱ्याला दिवसा लाईन द्या. त्याच्या तपकिरी चरबीला जागं ठेवायचं काम रात्रपाळीच्या विजेचं नाही.

वहिनींनी चहातली साखर अर्ध्यावर आणली आहे. यंदा चार तास, म्हणजे चार ओळी, ज्वारी घरापुरती पेरली. दादा वावरात पायी जातो, गाडी अंगणात असते. कंबर नव्वदच्या खाली आली आहे. जानेवारीत हरभऱ्याला दुसरं पाणी देऊन झालं की त्याची तीन महिन्यांची सरासरी साखर पुन्हा तपासायची आहे. त्याच दिवशी पुतणीच्या पोराला डोस द्यायला तालुक्याला न्यायचं आहे, म्हणून सगळे एकाच गाडीने जाणार आहोत.